कुरुळीची टोपीवाली लक्ष्मी

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुमच्या छंदाविषयी काहीतरी हलकंफुलकं लिहा. दिवाळी आहे." छंद म्हणे! निवृत्त माणूस सकाळी बागेत जाऊन टाळ्या वाजवतो, तो छंद. पिंपरीच्या कंपनीची टूलरूम सुटल्यापासून मी लोकांची नाणी भिंगाखाली धरून पोट भरलं, डोळ्यांचे नंबर वाढवून घेतले, मान आखडून घेतली. त्याला छंद म्हणतात होय?

आणि दिवाळीच्या तोंडावर मला हलकंफुलकं लिहायला सांगूच नये कुणी. दिवाळी जवळ आली की माझं डोकं फिरायला लागतं. कारण याच दिवसांत घराघरांतली चांदीची नाणी देव्हाऱ्यातून बाहेर निघतात आणि त्यांचे हाल सुरू होतात. चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, ज्याच्या हाताला जे लागेल ते. जुन्या चांदीवर जो काळसर-निळसर थर चढलेला असतो, तो मळ नव्हे हो! तो त्या नाण्याचा जन्मदाखला. तो खरवडून काढायचा आणि मग माझ्याकडे यायचं, "बघा मॅडम, कसं चकचकीत ठेवलंय!" अरे, ठेवलंय कुठं, मारलंय तुम्ही ते. असं मी तोंडावर बोलते. म्हणून चिंचवडातले निम्मे लोक मला खवट म्हातारी म्हणतात. म्हणू देत.

आधी हा धंदा काय आहे ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला होते. प्रेसच्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे, तपासायचं माझं काम. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा पुण्यातल्या एका नाण्यांच्या व्यापाऱ्यांनी मला बोलावलं. त्यांच्याकडे अमेरिकेची जुनी चांदीची नाणी येत आणि त्यांचे प्रकार कुणाला लावता येत नव्हते. ते म्हणाले, "बाई, नाण्याचं सोडा, तुम्ही फक्त डाय कशी होती ते सांगा." मी म्हटलं, ते तर मी आयुष्यभर करत आले.

झालं असं, की सुरुवातीच्या काळात अमेरिकेच्या टांकसाळीत नाण्याची डाय बरीचशी हातानं बनायची. चेहऱ्याचा मुख्य ठसा एकच, पण भोवतीचे तारे, सालाचे आकडे, अक्षरं ही सगळी एकेक पंच, म्हणजे टोकाला आकार कोरलेला पोलादी खिळा, ठेवून हातोडीनं ठोकलेली. मग हात आला की चूक आली. कुठं तारा आकड्याला चिकटला, कुठं दोनचा आकडा कलला. एका कारागिरानं तर पन्नास सेंटच्या जागी आधी वीस ठोकले आणि ध्यानात आल्यावर वरूनच पन्नास ठोकले. ते आजही नाण्यावर दिसतं. त्यामुळे एकाच सालची दोन नाणी तुम्हाला सारखी दिसतात, मला नाही दिसत. शिवाय डाय वापरून थकली की तिला चीर जाते. त्या चिरेत चांदी घुसते आणि नाण्यावर केसासारखी उंच रेघ उठते. चीर वाढत जाते, तशी रेघही वाढत जाते. कुठल्या डायचं, चीर किती वाढल्यावर पाडलेलं, हे ओळखायचं, एवढंच माझं काम. ते दहापट मोठं करून बघायचं भिंग आणि शांत डोकं असलं की जमतं. भिंग माझ्याकडे आहे.

यातलं काही समजून न घेता जी माणसं येतात ना, त्यांच्यावर मी वेगळा अंक काढू शकेन. ताथवड्यात कॉलेजच्या मुलांना खोल्या भाड्यानं देणारे एक गृहस्थ आले. हातात मखमलीची डबी, आत अमेरिकेचा मोठा डॉलर. मोबाइलवर कुठल्याशा उपटसुंभाचा व्हिडिओ बघितलेला, त्यात हेच नाणं करोडोंचं सांगितलेलं. मी टेबलाच्या खणातलं लोहचुंबक काढलं आणि जवळ नेलं. टचकन चिकटलं. चांदी कधी चुंबकाला चिकटते का हो? तर हे माझ्यावरच उखडले, "तुमचं चुंबक खराब असेल." मी त्यांना चहा न विचारता घालवलं.

असले लोक येतात आणि जातात. त्यांच्यावर मी चिडते आणि दुपारी विसरते. एक प्रकरण मात्र गेल्या शिमग्याला झालं, ते काही केल्या उतरत नाही. म्हणून तेच लिहिते. संपादकांना गोड हवं असेल तर त्यांनी शेजारच्या पानावर करंज्यांची कृती छापावी.

दुपारची वेळ होती. दारात एक पोरगी उभी. पोरगी म्हणजे तिशीची असेल. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पायांत अजून सेफ्टी शूज. चाकणच्या कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होती, पहिली शिफ्ट सुटल्यावर तशीच दोन बस बदलून आलेली. नाव वैशाली. माहेर बीडकडचं, सासर कुरुळीचं.

"मॅडम, तुम्ही नाणं बघून खरं-खोटं सांगता म्हणं?"

"सांगते. आणलंय का?"

"न्हाई. मला त्याला हात लावू देत न्हाईत." आणि ती खुर्चीवर बसून रडायलाच लागली. मला रडणारी माणसं सोसत नाहीत. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "आधी बोल, मग रड."

तिच्या सासरी देव्हाऱ्यात एक चांदीचं नाणं. पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्याच्यावर बाईचा मुखडा, मोकळे केस, डोक्यावर टोपी. घरात तिला टोपीवाली लक्ष्मी म्हणतात. मागच्या बाजूला पंख पसरलेला पक्षी, तो गरुड. म्हणजे लक्ष्मीच, शंकाच नाही! तिनं लक्ष्मीपूजनाला काढलेला फोटो मोबाइलवर दाखवला आणि मला हसू आवरेना. अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरवरची स्वातंत्र्याची बाई, साल १८२७, कपाळावर हळदी-कुंकू लावून बसलेली. त्या काळी अमेरिकेची जहाजं मालाच्या बदल्यात चांदीची नाणी घेऊन इकडे येत. बहुतेक नाणी आटवली गेली. हे एक कुरुळीपर्यंत कसं वाचत आलं, ते मला विचारू नका.

घराचा रिवाज असा, की ही लक्ष्मी उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. कधीच नाही. तिला पाण्यानं धुवायचं, पुसायचं, बस. म्हणून ती काळीभोर. समया, घंटा, तांबे मात्र दरवर्षी दिवाळीआधी चाकणला जायचे. वैशालीचा नवरा गणेश मोटरसायकलचे सायलेन्सर पॉलिश करायच्या खात्यात कामाला. तो पिशवीतून सगळी पितळी भांडी नेऊन कंपनीच्या बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, फिरवून आणायचा. तिथल्या वस्तीतली पुष्कळ माणसं करतात हे. सुपरवायझरच्या घरची भांडीपण त्यातच असतात.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळे पाटावर बसले आणि बघतात तर काय, लक्ष्मी आरशासारखी लखलखतेय. पूजा मांडली होती वैशालीनं. थोरले दीर सोपानराव म्हणाले, "ही आपली न्हाई." आपली नाही म्हटल्यावर उंबऱ्याचा रिवाज कुठला? दुसऱ्याच दिवशी ते नाणं घेऊन चाकणच्या एका सराफाकडे गेले. त्या उंटावरच्या शहाण्यानं भिंगसुद्धा न लावता सांगितलं, "एवढी चमक जुन्या नाण्याला नसते. मशीनवरचं डुप्लिकेट आहे." झालं! आणि नेमकं त्याच महिन्यात वैशालीच्या भावानं माजलगावला नवी मोटरसायकल घेतली. लोकांना अजून काय हवं?

"चोर म्हणले मला, मॅडम. तोंडावर न्हाई. पण आत्यानं, म्हंजी सासूनं, देवघराला कुलूप घातलं. हळदी-कुंकवाला कुणी बोलावलं न्हाई. जाऊबाई माझ्यादेखत कपाट लावून घेतेत. सैपाक मीच करते सगळ्यांचा, तो चालतो."

"आणि नवरा?"

"ते काय बोलत न्हाईत. ते कुणालाच काय बोलत न्हाईत. मला म्हणले, गप ऱ्हा, विसरतील लोकं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागानं नाणं ओळखता येत नाही. मी तिला स्पष्ट सांगितलं, की आत्ताचं नाणं अस्सल आहे की नकली, ते मी सांगेन. पण ते तुमचंच आहे हे सांगायला जुनं काहीतरी लागेल. फोटो आहे का काळ्या नाण्याचा? नव्हता. देवांच्या मागच्या रांगेतलं काळं नाणं, त्याचा फोटो कोण काढतो?

ती जायला उठली. दारात बूट घालता घालता म्हणाली, "फोटो न्हाई, ठसा हाय. आजेसासऱ्यांनी देवघराचा कट्टा बांधला तवा ओल्या सिमिटात तिला दाबून ठसा घेतलता. घर नवं बांधलं तरी कट्टा तसाच ठेवलाय."

"अगं बाई!" मी ओरडलेच. "हे आधी नाही का सांगायचं?"

तुम्हाला उलगडलं का? सिमेंटमधला ठसा म्हणजे उलटा साचा. म्हणजे डायच की! अख्खी नोकरी मी तेच तपासत आले होते.

सोपानरावांना मी फोन केला आणि म्हटलं, तुमचं नाणं फुकट बघून देते. फुकट म्हटल्यावर ते लगेच "या की, मॅडम" म्हणाले. वैशालीचं नाव मी काढलं नाही. मी भिंग, काटा आणि दातांच्या डॉक्टरांकडून मागून आणलेली कवळीच्या मापाची पुट्टी पिशवीत घातली आणि कुरुळी गाठली.

घर दुमजली, वर कामगारांना दिलेल्या खोल्या, खाली हे लोक. देवघरात सोपानराव, वैशालीची सासू म्हणजे आत्या, आणि भिंतीला टेकून गणेश. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आत यायची परवानगी नसल्यासारखी. आत्यांनी नाणं माझ्यापुढे ताटलीत ठेवलं, जणू ते उष्टं आहे.

मी कट्ट्यावरचा ठसा आधी घेतला. तेलाचा चिकटा आणि कुंकू जुन्या दातांच्या ब्रशनं हळूहळू काढलं, पुट्टी मळून दाबली आणि घट्ट होईपर्यंत थांबले. "काय करताय वो ह्ये?" आत्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तुमच्या सासऱ्यांना विचारतेय." पुट्टी निघाली तेव्हा माझ्या तळहातावर टोपीवाली उमटली होती. सिमेंट मऊ गिलाव्याचं होतं, म्हणून तारेसुद्धा मोजता येत होते.

मग मी नाणं धरलं. वजन थोडं उतरलेलं, पण चांदी अस्सल. कडेवर इंग्रजी अक्षरं होती, तीही बरोबर. डावीकडच्या एका ताऱ्यापासून टोपीच्या टोकापर्यंत डायची चीर गेलेली. बफनं ती चापून टाकली होती, तरी अक्षरांच्या आडोशाला शिल्लक होती. पुट्टीवर तीच चीर, तेवढीच वाढलेली. पण एवढ्यावर मी बोलणार नव्हते. एका डायवर हजारो नाणी पडतात, चीर जुळली तर फार तर सख्खी बहीण ठरते. मी कड फिरवत राहिले. डोक्याच्या मागे काठावर एक तिरका टोचा होता. कुण्या जुन्या सराफानं चांदी पारखायला छिन्नी मारली असणार. मी पुट्टी फिरवली. तिथंच, त्याच तिरकसपणे, तोच टोचा.

"ही तीच आहे," मी म्हटलं. "तुमचीच. कुणी बदललेली नाही, कुणी विकलेली नाही. या बघा."

सोपानरावांनी भिंगातून पाहिलं, पुट्टी पाहिली, परत नाणं पाहिलं. मान्य करायला जीभ रेटत नव्हती. "मग सराफ काय खोटं बोलतोय व्हय? ही चकाकी कुठनं आली? आपोआप आली का?"

प्रश्न रास्त होता आणि उत्तर माझ्या भिंगाखालीच होतं. मी सांगितलं. हातानं घासलेल्या चांदीवर ओरखडे चारी दिशांनी असतात. इथे सगळ्या रेघा एकाच दिशेनं आणि अक्षरांचे काठ एका बाजूला ओढलेले. म्हणजे हे चाकावर, बफवर धरलेलं आहे. आणि हे सराफाचंही काम नाही, कारण सराफ चांदीला तांबडी पॉलिश लावतो. मी सुईनं एका अक्षराच्या खाचेतला कण उकरून कागदावर घेतला. "हा हिरवा सोप. बफच्या चाकाला लावतात तो. स्टीलसाठीचा."

मग स्वयंपाकघराच्या दारातून वैशाली आत आली. देवघरात, सरळ. तिनं कागद हातात घेतला.

"हे हिरवं," ती म्हणाली, "हे तर मी रोज ह्यांच्या शर्टाच्या बाह्यांतून काढते."

गणेश जमिनीकडे बघत होता.

"तुम्ही नेलती का?"

"तांब्यात घालून नेलती," तो पुटपुटला. "म्हटलं, दिवाळी हाय, सगळ्यांबरोबर हिलाबी चमकवू. पूजेच्या आधी गुपचूप ठेवून दिली. नंतर दादा भडकला. उंबऱ्याबाहेर न्यायची न्हाई ना तिला. आई काय म्हणली असती, दादा काय म्हणला असता..."

"आणि मला म्हणले ते?"

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत हा माणूस मूग गिळून गप्प बसला होता. बायकोला चोर म्हणत होते त्या पंक्तीला बसून जेवत होता. देवघर उघडलं नसतं, ठसा निघाला नसता, तर हा मरेपर्यंत बोलला नसता. का, तर थोरला भाऊ ओरडेल! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण ते घर माझं नव्हतं.

आत्यांनी पदर सावरला. "जाऊ द्या आता. चूक हुती, झाली. आपली लक्षुमी घरात हाय ना? वैशाले, घे गं, तुझ्या हातानं कुंकू लाव तिला. आजपासनं कुलूप न्हाई."

माफी कुणीही मागितली नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाचणाऱ्याला वाटेल, की माझ्याकडून सांगायचं राहिलं. राहिलेलं नाही. सोपानरावांनी तर मलाच विचारलं, "मॅडम, खरीच हाय म्हणता, तर आता काय भाव लागंल हिला?"

"लागला असता," मी म्हटलं, "काळी असताना. आता चांदी म्हणून वजनावर घाला."

वैशालीनं करंड्याला हात लावला नाही. "न्हाई आत्या," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला चोर म्हणलात, तेबी मी सोसलं. पण ह्यांना ठाऊक हुतं. आता कुंकू ह्यांनाच लावू द्या, रोज." मग तिनं खुंटीवरची पिशवी घेतली, ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि सेकंड शिफ्टच्या बसला निघून गेली. माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

मला हायवेपर्यंत सोडायला गणेशलाच पाठवलं. मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले. कंपन्यांच्या भिंतींमधून जाणारा रस्ता, उलट्या दिशेनं कंटेनर, सगळी धूळ. थोडं पुढे गेल्यावर मान न वळवता तो म्हणाला, "मॅडम, नाणं तेच हाय एवढंच सांगितलं असतं तरी भागलं असतं. बफचं कशाला काढायचं? आता ती माझ्याशी बोलायची न्हाई."

"गाडी थांबव."

"हायवे लांब हाय अजून. ऊन लई हाय."

"थांबव म्हणते ना!"

तो थांबला. मी उतरले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझा आवाज शेजारच्या टपरीपर्यंत गेला असणार, जाऊ दे. "अरे, सगळं घर तिला चोर म्हणत होतं, तेव्हा तू दोन्ही वेळा तिच्याच हातची भाकरी खात होतास. घशाखाली उतरली कशी तुझ्या?"

मला वाटलं, आता तरी हा मान खाली घालेल. त्यानं हेल्मेटची काच वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी काय विचारतेय हे त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

"भूक तर लागतीच की, मॅडम," तो म्हणाला.